एकच पत्ता, मागे चार रीजन: मेनफ्रेमच्या गटांमधली सामायिक जोडणी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत विणलेला टेरी टॉवेल परदेशातल्या दुकानात पोचतो आणि काही आठवड्यांनी त्याचे पैसे तिकडच्या बँकेतून निघतात. ते निघताना पडद्यामागे काय घडतं, हे कारखानदाराला ठाऊक असायचं काही कारण नाही. पण त्याचीच पुतणी वालचंदमधून इंजिनिअर होऊन पुण्याला किंवा हैदराबादला मेनफ्रेमच्या, म्हणजे बँकांसारख्यांचे व्यवहार चालवणाऱ्या मोठ्या संगणकाच्या, प्रोजेक्टवर रुजू झाली, की ते घडवून आणणं हेच तिचं रोजचं काम होऊन बसतं. सोलापुरातून अशी मुलं-मुली बाहेर पडतात. जावा येत असतं, पायथन येत असतं; मेनफ्रेमशी गाठ पडते ती थेट नोकरीत.

मग एक दिवस काम येतं: दोन सीआयसीएस गटांमध्ये आयपिक जोडणी द्यायची आहे, सामायिक हवी, एक मशीन पडलं तरी चालू राहिली पाहिजे. (सीआयसीएस, आयपिक म्हणजे काय ते लगेच पुढे येतं.) जुनी डेफिनिशन कॉपी करायची, नाव आणि पोर्ट बदलायचा, इन्स्टॉल करायचं. तासाभरात होतं. स्क्रीनवर जोडणी 'अक्वायर्ड', म्हणजे जोडली गेलेली, दिसते, तिकीट बंद होतं. जे शिकायचं ते मात्र राहून जातं, कारण जोडणी चालू करणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. सामायिक जोडणीतली जवळजवळ प्रत्येक सेटिंग हे एका प्रश्नाचं आधीच लिहून ठेवलेलं उत्तर असतं: ही जोडणी तुटली किंवा तुंबली तर काय करायचं? हा प्रश्न हाताशी धरून वाचत गेलात तर पुढचं सगळं उलगडत जाईल.

आधी थोडी ओळख

सीआयसीएस हे आयबीएमचं व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर. १९६९ साली ते बाजारात आलं. अमेरिकेतल्या वीज-गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांच्या ग्राहकनोंदी सांभाळायला ते जन्माला आलं आणि १९७४ पासून त्याचं मुख्य काम इंग्लंडमधल्या हर्सलीच्या प्रयोगशाळेत चालतं. आज मोठ्या बँका, विमा कंपन्या यांचे व्यवहार त्यावर चालतात.

सीआयसीएसची एक चालू प्रत म्हणजे एक 'रीजन'. एकाच रीजनमध्ये सगळं कोंबत नाहीत. कामं वाटून देतात: बाहेरून येणारी विनंती घेणारे रीजन वेगळे, प्रोग्रॅम चालवणारे वेगळे, फाइली सांभाळणारे वेगळे. अशा एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या रीजनच्या गटाला सीआयसीएस-प्लेक्स म्हणतात. त्याच्या खालच्या थरात झेड ओएस ही मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम असते, आणि अनेक झेड ओएस मिळून सिसप्लेक्स होतो. एका सिसप्लेक्समध्ये ३२ पर्यंत झेड ओएस असू शकतात. १९९४ साली पॅरलल सिसप्लेक्स आला आणि तेव्हापासून 'एक मशीन बंद, तरी सेवा चालू' हे मेनफ्रेमवर नेहमीचं झालं.

एका सिसप्लेक्सच्या आत रीजन एकमेकांशी बोलतात ते बहुतेक वेळा एमआरओ पद्धतीने. ती जलद आहे, सीपीयू कमी खाते, आणि आतल्या आत असेल तर तीच वापरावी असं माझं ठाम मत आहे. पण दोन गट वेगवेगळ्या सिसप्लेक्समध्ये असले की एमआरओ तिथपर्यंत पोचत नाही. तिथे पूर्वी एसएनए या आयबीएमच्या जुन्या नेटवर्कवरून एलयू ६.२ जोडण्या देत. २००७ मध्ये सीआयसीएस टीएस ३.२ या आवृत्तीबरोबर टीसीपी-आयपीवरून, म्हणजे इंटरनेटच्याच पद्धतीने, चालणारी आयपिक जोडणी आली. जग टीसीपी-आयपीवर असल्यामुळे नव्या कामाला आज आयपिकच घेतात. दोन्हीकडे सुरुवातीच्या पॅरामीटरमध्ये टीसीपीआयपी=येस आणि आयएससी=येस असलं पाहिजे; ही अट विसरली तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

गुंता कुठे सुरू होतो

उदाहरण घेऊ. एका बँकेचे दोन गट आहेत. पहिला पैसे पाठवण्याचे आदेश घेतो. त्यात प१, प२, प३ हे तीन रीजन. दुसरा खाती सांभाळतो. त्याच्या तोंडाशी ख१ ते ख४ असे चार रीजन. प्रत्येक 'प'ला प्रत्येक 'ख'शी बोलता यायला हवं असेल तर तीन चोक बारा जोडण्या झाल्या. प्रत्येक जोडणीची डेफिनिशन, प्रत्येकीचा पत्ता, प्रत्येकीचा पोर्ट. पुढच्या वर्षी भार वाढला म्हणून ख५ आणला, की तिन्ही 'प'मध्ये जाऊन बदल करायचे. दुसरा गट दुसऱ्या टीमचा असतो, अनेकदा दुसऱ्या देशातला. प्रत्येक बदलासाठी मंजुरी, मध्यरात्रीची वेळ, कॉलवर दहा माणसं.

त्याहून वाईट म्हणजे प१ मधल्या प्रोग्रॅमला किंवा राउटिंगला 'ख१ बंद असेल तर ख२ला विचार' हे माहीत असावं लागतं. म्हणजे एका गटाच्या आतली रचना दुसऱ्या गटाच्या डोक्यात शिरली. हे टाळायचं असेल तर खाते गटाने बाहेर एकच पत्ता जाहीर करावा आणि आत कोण आहे, किती आहेत, हे स्वतःपाशी ठेवावं. सामायिक जोडणी म्हणजे हीच व्यवस्था. 'प'मध्ये एकच आयपीकॉन (आयपिक जोडणीची डेफिनिशन), तीत एकच होस्ट आणि एकच पोर्ट.

दोन पत्ते का लागतात

इथे नव्या माणसाची पहिली अडखळण होते. एकच पत्ता म्हणता, मग प्रत्येक 'ख' रीजनमध्ये दोन-दोन टीसीपीआयपीसर्व्हिस, म्हणजे कोणत्या पत्त्यावर आणि पोर्टवर ऐकायचं ते सांगणाऱ्या डेफिनिशन, का?

सोलापूरच्या मार्केट यार्डातली कांद्याची आडत डोळ्यांसमोर आणा. पेढीचा एकच नंबर सगळ्या शेतकऱ्यांकडे असतो, पण पेढीवर दिवाणजी चार. करमाळ्याहून फोन आला की जो मोकळा असेल तो उचलतो. माल किती, कधी येणार, हे बोलणं होतं आणि दिवाणजी सांगतो, "पट्टीचं काही असलं तर माझ्या मोबाईलवर फोन करा." कारण वजन, तोलाई, हमाली, उचल, सगळं त्याच्या वहीत उतरलेलं असतं. हिशोब अर्धवट असताना फोन कटला, तर शेतकऱ्याने पुन्हा पेढीच्या नंबरवर फोन करून भलत्याच दिवाणजीला गाठण्यात अर्थ नाही. त्याच्या वहीत हा हिशोबच नाही. हिशोब मिटला असेल तर मात्र पुढच्या गाडीसाठी पेढीचा नंबर, मग उचलो कोणीही.

आयपिकची सामायिक जोडणी तंतोतंत अशी चालते. प्रत्येक 'ख' रीजनमध्ये एक टीसीपीआयपीसर्व्हिस सामायिक पत्त्यावर आणि पोर्टवर ऐकते. चारही रीजनमध्ये पोर्ट तोच, समजा ४१००. दुसरी टीसीपीआयपीसर्व्हिस फक्त त्या रीजनच्या खास पत्त्यावर ऐकते, समजा ४१०१ ते ४१०४. सामायिक डेफिनिशनमध्ये 'स्पेसिफ-टीसीपीएस' असा एक रकाना असतो, त्यात आपल्याच रीजनमधल्या खास सर्व्हिसचं नाव लिहायचं. दोन्हींचा प्रोटोकॉल आयपिक. 'प' बाजूला आयपीकॉनमध्ये सामायिक होस्ट आणि ४१०० लिहायचं आणि 'एचए'ला (हाय अव्हेलेबिलिटी, म्हणजे सेवा अखंड ठेवण्याची सोय) येस म्हणायचं.

प१ जोडायला निघतो तेव्हा त्याचा कॉल ४१०० वर जातो आणि चारांपैकी एकाकडे पोचतो. समजा ख३. ख३ उत्तरात आपली ओळख आणि आपला खास पत्ता कळवतो. पुढचं प१ त्या खास पत्त्याशी जुळवून घेतो आणि तो पत्ता लक्षात ठेवतो.

एवढ्यातच एक नेहमीचा घोटाळा लपलेला आहे. फायरवॉलच्या अर्जात लोक फक्त ४१०० लिहितात, कारण बाहेर जाहीर केलेला पोर्ट तोच. पहिला कॉल लागतो, ख३ खास पत्ता देतो, आणि त्या पत्त्याकडे जाणारी वाट बंद. सीईएमटी (सीआयसीएसमधल्या गोष्टींची अवस्था दाखवणारा व्यवहार) उघडून आयपीकॉन बघितलं तर अवस्था 'ऑब्टेनिंग'वर अडकलेली. ना धड 'अक्वायर्ड', ना 'रिलीज्ड' (सुटलेली). अशा वेळी आधी ४१०१ ते ४१०४ उघडे आहेत का ते तपासा. मधल्या नेटवर्कमध्ये पत्ता बदलणारं काही असेल तर तेही बघा, कारण ख३ त्याच्या स्वतःच्या बाजूने दिसणारा पत्ता सांगतो. तो 'प'च्या बाजूने पोचता येण्याजोगा असायलाच हवा.

चौघांनी एका पोर्टवर ऐकायचं कसं

साधारणपणे एका पोर्टवर एकच प्रोग्रॅम ऐकतो. ख१ आणि ख२ एकाच झेड ओएसवर असतील तर तिथल्या टीसीपी-आयपी प्रोफाइलमध्ये त्या पोर्टपुढे 'शेअरपोर्ट' लिहावं लागतं. मग येणारे कॉल टीसीपी-आयपी स्वतः वाटतो. 'शेअरपोर्ट-डब्ल्यूएलएम' लिहिलं तर वाटताना झेड ओएसच्या वर्कलोड मॅनेजरचा सल्ला घेतला जातो.

ख३ आणि ख४ दुसऱ्या झेड ओएसवर असतील तर आणखी एक थर लागतो, सिसप्लेक्स डिस्ट्रिब्युटर. सामायिक पत्ता एखाद्या नेटवर्क कार्डाला न बांधता डायनॅमिक व्हायपा (हलता येणारा आभासी आयपी पत्ता) म्हणून ठेवतात. तो सिसप्लेक्सचा पत्ता असतो. एका सिस्टिमवर तो चालू असतो आणि ती पडली तर 'व्हायपाबॅकअप' म्हणून नेमलेली दुसरी सिस्टिम तो उचलते. 'व्हायपाडिस्ट्रिब्यूट' लिहिलं की आलेले कॉल कुठल्या कुठल्या सिस्टिमवर वाटायचे हे ठरतं.

ही दोन्ही कामं सीआयसीएसवाल्यांच्या हातात नसतात. प्रोफाइल नेटवर्क टीमकडे असतं. त्यांना नुसतं "पोर्ट हवा" असं सांगू नका. रीजनची नावं, कोणता कोणत्या सिस्टिमवर, सामायिक कोणता, खास कोणता, हे एका कागदावर मांडून द्या. निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

खास पत्त्याबद्दल एक सूचना आवर्जून करतो. तोही डायनॅमिक व्हायपा असू द्या, 'व्हायपारेंज'मधला, म्हणजे रीजन जिथे सुरू होईल तिथे त्याचा पत्ता त्याच्याबरोबर जाईल. याचं महत्त्व पुढच्या भागात कळेल.

अधांतरी राहिलेला व्यवहार

हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

प१ ने पाठवणाऱ्याच्या आदेशाची नोंद केली, ख३ ने खात्यातून रक्कम वजा केली. दोन्ही कायम व्हायला हवं, नाहीतर दोन्ही रद्द. यासाठी दोन टप्प्यांत शिक्कामोर्तब होतं. पहिल्या टप्प्यात प१ विचारतो, "तयार आहेस?" ख३ आपली सगळी नोंद लॉगमध्ये लिहितो आणि "तयार" म्हणतो. दुसऱ्या टप्प्यात प१ निर्णय कळवतो: कायम करा किंवा मागे घ्या.

"तयार" म्हटल्यापासून निर्णय ऐकू येईपर्यंतच्या मधल्या वेळात ख३ला स्वतःहून काहीही ठरवण्याचा अधिकार नसतो. हा वेळ मिलिसेकंदांचा असतो, पण दिवसभरात लाखो व्यवहार होत असतील तर जोडणी तुटेल त्या नेमक्या क्षणी काही व्यवहार तिथे अडकलेले असणारच. असा व्यवहार अधांतरी राहतो. ख३ त्याला बाजूला काढून ठेवतो, आणि त्या खात्याच्या नोंदीवरचं कुलूप तसंच राहतं. दुसऱ्या कुणाला त्या खात्याला हात लावता येत नाही.

हे सोडवायला प१ आणि ख३ यांचीच भेट व्हावी लागते. निर्णय प१च्या लॉगमध्ये आहे, अडकलेला व्यवहार ख३च्या लॉगमध्ये. ख१ कितीही मोकळा असला तरी त्याला यातलं काही माहीत नाही. म्हणून पुन्हा जोडताना प१ आधी बघतो की मागच्या जोडीदाराबरोबर काही मिटायचं राहिलं आहे का. राहिलं असेल तर तो लक्षात ठेवलेल्या खास पत्त्यावर, ख३कडेच जातो. काही राहिलेलं नसेल तर सामायिक पत्त्यावर जातो आणि जो मिळेल त्याच्याशी जोडून घेतो.

आता खास पत्ता रीजनबरोबर हलला पाहिजे असं मी का म्हणालो ते बघा. ख३ चालत होता ती सिस्टिमच पडली. झेड ओएसचा ऑटोमॅटिक रीस्टार्ट मॅनेजर ख३ला दुसऱ्या सिस्टिमवर उभा करतो. पत्ता जुन्या सिस्टिमला बांधलेला असेल तर प१ मेलेल्या पत्त्यावर कॉल करत बसेल, आणि इकडे ख३ जिवंत असूनही कुलपं तशीच. पत्ता त्याच्याबरोबर आला असेल तर प१ला काही कळायच्या आत भेट होते, लॉगची नावं एकमेकांना दाखवली जातात, अडकलेले व्यवहार एकेक करून सुटतात.

सीईएमटीमध्ये आयपीकॉनच्या तपशिलात 'रीकव्हडेटा' दिसलं तर समजा की या जोडणीवर काहीतरी मिटायचं आहे. 'नोरीकव्हडेटा' दिसलं तर पाटी कोरी. ती आठवण जबरदस्तीने पुसायची कमांडही आहे, आणि रात्री तीन वाजता, वरिष्ठ कॉलवर ओरडत असताना, ती वापरायचा मोह होतो. वापरू नका. ती वापरल्याने प१ सामायिक पत्त्यावर मोकळा होईल खरा, पण ख३च्या बाजूचा व्यवहार कायम झाला की रद्द, याची सांगड कायमची तुटेल. मग सकाळी माणसं बसून दोन याद्या ताडून बघतात. ख३ लवकरात लवकर उठवणं हाच सरळ रस्ता.

आणि उठवताना तो 'इनिशिअल' स्टार्टने उठवू नका. इमर्जन्सी रीस्टार्टमध्ये रीजन आपला लॉग वाचून सगळं आठवतो. इनिशिअल स्टार्टमध्ये लॉगची आठवण पुसली जाते, आणि मग प१ आला तरी त्याला उत्तर द्यायला कुणी नसतं. हे प्रत्येक ऑपरेटरच्या टेबलावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवण्याजोगं आहे.

वाटणी एकदाच होते

सामायिक पत्ता घेतला म्हणजे प्रत्येक विनंती चार रीजनमध्ये सारखी वाटली जाईल, असा समज मी फार ठिकाणी पाहिला आहे. तसं होत नाही. वाटणी होते ती जोडताना. प१ एकदा ख३शी जोडला गेला की जोडणी टिकेपर्यंत, मग ते दिवस असोत की आठवडे, प१च्या सगळ्या विनंत्या ख३कडेच जातात. आपल्या उदाहरणात तीन 'प' आणि चार 'ख' आहेत; म्हणजे एका वेळी किमान एक 'ख' या कामापुरता रिकामाच बसणार.

यावर उपाय रचनेत आहे. ख१ ते ख४ यांनी स्वतः फार काम करू नये. त्यांनी विनंती घ्यावी आणि मागच्या प्रोग्रॅम चालवणाऱ्या रीजनकडे एमआरओने सोपवावी. तिथे सीआयसीएस-प्लेक्स एसएम हे गट सांभाळणारं साधन प्रत्येक विनंतीगणिक भार बघून वाटणी करतं. पुढे सामायिक पत्ता टिकावासाठी, मागे वाटणी समतोलासाठी. दोन कामं दोन थरांवर ठेवली की दोन्ही नीट होतात.

दुसरा परिणाम: देखभालीसाठी ख३ बंद केला की प१ ख१कडे गेला. ख३ परत सुरू झाला तरी प१ आपणहून परत येत नाही. चारही रीजन एकामागून एक बंद-चालू केल्यावर सगळ्या जोडण्या पहिल्यांदा उठलेल्या एकाच रीजनवर गोळा झालेल्या दिसू शकतात. भार विषम वाटला तर शांत वेळ बघून काही जोडण्या रिलीज करून पुन्हा अक्वायर करायच्या. एवढंच करायचं असतं, पण कुणाच्या तरी कामाच्या यादीत ते लिहिलेलं असावं लागतं.

'ख' बाजूला प्रत्येक रीजन कोणत्याही 'प'ला घ्यायला तयार असला पाहिजे. त्यासाठी प्रत्येकात तीन आयपीकॉन लिहून ठेवा, किंवा ऑटोइन्स्टॉलवर, म्हणजे ते आपोआप तयार करणाऱ्या सोयीवर, सोडा. ते काम डीएफएचआयएसएआयपी हा प्रोग्रॅम करतो. काहीही करा, चारही रीजनमध्ये अगदी एकसारखं करा. चारांतल्या एकाच रीजनची सेटिंग वेगळी असेल, तर चूक कधीतरीच दिसते आणि सापडत नाही.

तुंबलेली जोडणी

तुटण्याचं झालं. पण माझ्या मते तुटण्यापेक्षा तुंबणं घातक, कारण तुटलेलं दिसतं.

आयपीकॉनमध्ये 'सेंडकाउंट' आणि 'रिसीव्हकाउंट' असतात: विनंत्या पाठवायला आणि घ्यायला किती सेशन, म्हणजे जोडणीतल्या वाटा, ते त्यांनी ठरतं. एका सेशनवर एका वेळी एकच विनंती जाते. प१चा सेंडकाउंट ५० आणि ख३चा रिसीव्हकाउंट ३० असेल तर मिळणार ३०; दोन्हींतला लहान आकडा लागू होतो. तुम्ही तुमच्या बाजूला आकडा वाढवला आणि काहीच फरक पडला नाही, असं झालं तर पलीकडचा आकडा विचारा.

किती लागतात ते काढायला साधा गुणाकार पुरतो. सेकंदाला २०० विनंत्या आणि प्रत्येकीला ०.०५ सेकंद, म्हणजे एका वेळी सरासरी १० सेशन गुंतलेले. ५० ठेवले तर भरपूर झाले. आता ख३च्या मागचा डेटाबेस मंदावला आणि एका विनंतीला एक सेकंद लागू लागला. गरज २०० सेशनची, हातात ५०. सेकंदाला ५० सुटतात, २०० येतात. रांग दर सेकंदाला १५० ने वाढते. प१मध्ये एका वेळी जास्तीत जास्त ४०० टास्क (चालू असलेली कामं) चालतील अशी मर्यादा असेल, तर ५० सेशनवर आणि ३५० रांगेत, असं व्हायला अडीच सेकंदही लागत नाहीत. त्यानंतर प१मध्ये एकही नवं टास्क सुरू होत नाही. ज्या व्यवहारांचा ख३शी काडीचाही संबंध नाही, तेही बाहेर ताटकळतात. मग प१ला विनंत्या पाठवणारे रीजन तुंबतात, मग त्यांच्या मागचे. सीआयसीएसवाले याला सिम्पथी सिकनेस म्हणतात: आजारी एक, अंथरुणाला खिळतात सगळे.

आणि इथे 'एचए' काही करत नाही. ख३ मेलेला नाही, जोडणी तुटलेली नाही, त्यामुळे दुसरीकडे जाण्याची वेळच येत नाही.

यावरचं औषध आयपीकॉनमध्येच आहे: 'क्यूलिमिट' आणि 'मॅक्सक्यूटाइम'. पहिलं सांगतं की मोकळ्या सेशनची वाट बघत किती विनंत्या रांगेत राहू शकतात. मर्यादा भरली की पुढच्या विनंतीला लगेच सिसआयडी-एरर, म्हणजे 'पलीकडचा रीजन मिळत नाही' असा निरोप, मिळतो. दुसरं वेळेचं बंधन: रांग मर्यादेपर्यंत भरली आहे आणि वाट पाहण्याचा अंदाजे वेळ ठरवलेल्या सेकंदांच्या पुढे जातोय, तर सगळी रांगच मोकळी केली जाते. दोन्हींचं मूळ मूल्य 'नो' असतं, म्हणजे मर्यादा नाही. कॉपी केलेल्या डेफिनिशनमध्ये ते तसंच राहून जातं. मला या लेखातून एकच गोष्ट कुणाच्या हातून करून घ्यायची असेल तर ती ही: आपल्या आयपीकॉनमधले हे दोन 'नो' शोधा आणि तिथे विचार करून आकडे घाला.

आकडा कसा ठरवायचा? वरच्या उदाहरणात मी क्यूलिमिट ४० ते ५० आणि मॅक्सक्यूटाइम ५ सेकंदांपासून सुरुवात करीन. नेहमीच्या दिवशी रांग किती होते ते सीआयसीएसच्या आकडेवारीत दिसतं. त्यापेक्षा थोडं वर, आणि टास्कच्या एकूण मर्यादेपेक्षा बरंच खाली. सिसआयडी-एरर आला तर प्रोग्रॅमने काय करायचं, हेही त्याच वेळी ठरवा. लगेच पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारा प्रोग्रॅम लिहिलात तर रांग कापून काही उपयोग होणार नाही.

सुरक्षेचं थोडक्यात

आयपीकॉनमधल्या 'लिंकऑथ' आणि 'यूजरऑथ' या दोन रकान्यांनी ठरतं की पलीकडून आलेल्या विनंतीवर किती विश्वास टाकायचा. यूजरऑथ 'आयडेंटिफाय' ठेवलं तर पलीकडच्याने सांगितलेलं यूजरनाव पासवर्ड न मागता मान्य होतं. एका सिसप्लेक्समध्ये हे ठीक. दोन सिसप्लेक्समध्ये असं करायचं असेल तर सर्टिफिकेटसह टीएलएस, म्हणजे सांकेतिक लिपीत चालणारी सुरक्षित जोडणी, हवंच. चारही 'ख'मध्ये हेही एकसारखं.

तोडून बघा

चाचणीच्या सिस्टिमवर तीन प्रयोग करा, आणि प्रत्येक वेळी स्क्रीन बघत करा.

पहिला सोपा. काहीही चालू नसताना प१ ज्याच्याशी जोडलेला आहे तो रीजन बंद करा. आयपीकॉन रिलीज्ड होतं, थोड्या वेळात दुसऱ्या 'ख'शी अक्वायर्ड होतं का ते पाहा. होत नसेल तर शेअरपोर्ट किंवा डिस्ट्रिब्युटरमध्ये काहीतरी राहिलं आहे. सीआयसीएसच्या लॉगमध्ये डीएफएचआयएस या अक्षरांनी सुरू होणारे संदेश वाचा.

दुसऱ्यात अधांतरी व्यवहार तयार करायचा. त्यासाठी सीआयसीएसमध्ये सीआयएनडी नावाचा व्यवहारच दिलेला आहे. अशी अवस्था मुद्दाम आणून बघण्यासाठीच तो आहे. व्यवहार अडकला की रीकव्हडेटा दिसतंय ना, त्या खात्याला दुसरा व्यवहार हात लावायला गेला तर अडतोय ना, हे बघा. मग ख३ला दुसऱ्या सिस्टिमवर उठवा आणि कुलूप सुटायला किती वेळ लागतो तो टिपून ठेवा. बँकेने "किती वेळ बंद राहील?" असं विचारलं तर सांगायला तुमच्याकडे मोजलेला आकडा असेल.

तिसरा प्रयोग बहुतेक जण करतच नाहीत. ख३च्या मागच्या एका प्रोग्रॅममध्ये दोन सेकंदांचा विलंब घाला आणि नेहमीइतका भार सोडा. आधी दोन्ही मर्यादा 'नो' ठेवून, मग आकडे घालून. पहिल्या वेळी प१मधली टास्कची संख्या मर्यादेपर्यंत चढून तिथेच थांबते, आणि ख३शी संबंध नसलेला एखादा साधा चौकशीचा व्यवहार टाकला तर तोही परत येत नाही. दुसऱ्या वेळी ख३कडे जाणाऱ्या विनंत्यांना सिसआयडी-एरर मिळतात आणि तोच चौकशीचा व्यवहार पूर्वीसारखा लगेच उत्तर घेऊन येतो. हे दोन्ही स्क्रीन टीममधल्या सगळ्यांना शेजारी शेजारी दाखवा, आणि मग प्रॉडक्शनच्या डेफिनिशन उघडा.